दहा गुंठ्यांचं जंगल

एका प्राणीसंग्रहालयाच्या सगळ्या पिंजऱ्यांचे पॅनोरमा काढायचं काम मिळालं होतं, प्रवेशद्वारावरच्या मोठ्या बोर्डासाठी. कुठलं ते विचारू नका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेलो, म्हणजे गर्दी नाही, रेलिंगला लटकलेली पोरं नाहीत आणि 'ओ वाघोबा' करून ओरडणारे त्यांचे बापही नाहीत.

लोकांना वाटतं पॅनोरमा म्हणजे मोबाईल आडवा फिरवला की झालं. सह्याद्रीच्या रांगांना चालतं ते, पिंजऱ्याला नाही. कारण इथे नाकासमोर रेलिंग, मग जाळी, मग झाडं, मग भिंत. कॅमेरा कसाही फिरवला तर रेलिंगचा गज एका फ्रेममध्ये झाडाच्या डावीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे, मग सॉफ्टवेअर जोडणार काय कपाळ, रेलिंग पडक्या दातांसारखं दिसतं. म्हणून पॅनो हेडवर, म्हणजे ट्रायपॉडवरच्या फिरत्या पट्टीवर, कॅमेरा मागे सरकवत सरकवत लेन्सचा नेमका बिंदू फिरण्याच्या आसावर आणावा लागतो. जवळची काठी आणि लांबचा खांब एका रेषेत धरायचा, कॅमेरा फिरवायचा, दोघं एकमेकांपासून हलले नाहीत की जमलं. कॅमेरा उभा, शेजारच्या दोन फ्रेममध्ये तीसेक टक्के ओव्हरलॅप, फोकस-एक्स्पोजर-व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, बॅगेतच, नाहीतर आकाश एका टोकाला गडद निळं आणि दुसऱ्या टोकाला पांढरंफटक. आणि प्राणी ज्या दिशेने चालतोय त्या दिशेने कॅमेरा कधीच फिरवायचा नाही, एकच बिबट्या फोटोत तीनदा येतो. उलट्या बाजूने फिरवला तर फार तर एखादं शेपूट जास्तीचं येतं, ते मास्क करून काढता येतं.

वाघाचा पिंजरा खंदकवाला होता. ही आयडिया कार्ल हागेनबेक नावाच्या जर्मन माणसाची, त्याने १९०७ साली हॅम्बर्गजवळ गज नसलेलं प्राणीसंग्रहालय उघडलं, खंदक असे बेताने खोदलेले की बघणाऱ्याच्या उंचीवरून ते दिसतच नाहीत. म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा ते पिंजरा बांधणाऱ्यानेच आधी ठरवून टाकलेलं असतं. ट्रायपॉड कमरेइतका ठेवला तर समोर नुसतं जंगल. वर उचलला की खंदकाचं काँक्रीट डोकं वर काढायला लागतं. त्यात एवढा रुंद पॅनो सिलिंड्रिकलमध्ये, म्हणजे नळकांड्यावर गुंडाळल्यासारखा, जोडला की मागची भिंत लांब गेल्यासारखी वाटते. नियमाप्रमाणे वाघाच्या जोडीला बाहेरची मोकळी जागा कमीत कमी १,००० चौरस मीटर लागते, म्हणजे जेमतेम दहा गुंठे. माझ्या फोटोत ती आरामात दोन एकर दिसत होती.

लॅपटॉपवर कच्चा जोड बघून साहेब एकदम खूश, "वा, अगदी ताडोबा!" मागे उभे असलेले कीपर काका काही बोलले नाहीत. साहेब गेल्यावर म्हणाले, "दादा, इथनं काय दिसतंय, वर चला." नाईट शेल्टरच्या, म्हणजे वाघाच्या रात्रीच्या खोलीच्या, छतावर घेऊन गेले.

वरून खंदकाच्या कडेने एक पायवाट दिसली. गवत झिजून खाली लाल माती, पार भिंतीपर्यंत, आणि दोन्ही टोकांना जिथे तो वळतो तिथे मातीत गोल खळगा. बाकी सगळीकडे गवत जसंच्या तसं. वाघ त्याच वाटेवर येरझाऱ्या घालत होता. काका म्हणाले, आज उपासाचा दिवस (आठवड्यातून एक दिवस मटण देत नाहीत), म्हणून जरा जास्त फिरतोय. असेल. पण असली वाट काही एका उपासाने पडत नाही, हे त्यांनाही माहीत होतंच की. मी तिथूनही एक पॅनो काढला, खंदक, वाट, भिंत, पलीकडचं रेलिंग, सगळं एका फ्रेममध्ये. वाघाला त्याची जागा जशी दिसत असेल त्याच्या जास्त जवळचा हाच फोटो.

बोर्डावर अर्थातच खालचा लागला. आणि डोक्यात घोळतंय ते हे, की मला कोणी काही पुसायला सांगितलं नाही, मी पुसलंही नाही. माणसं, वाट काहीतरी फोटोशॉपमध्ये घालव म्हणाले असते तर सरळ नाही म्हणालो असतो, वाद घातला असता. इथे वादाला जागाच नव्हती, ट्रायपॉडची उंचीच पुरली. टेक्निकली त्या फोटोत एक चूक दाखवून द्या, नाही मिळणार. मग खोटा म्हणू का त्याला? अजून ठरत नाहीये.

काकांचं म्हणणं, वाटेत दोन-चार मोठे ओंडके आडवे टाकले, खाणं रोज वेगळ्या जागी लपवून ठेवलं, तर ती वाट मोडेल. छतावरच्या फोटोत हे न सांगता कळतं. त्यांना तो व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याची नुसती बारीक पट्टी झाली, मग प्रिंट काढून दिला. साहेबांनाही मेल केलाय, नवीन आराखड्याच्या फाईलला लावा म्हणून. त्याला उत्तर नाही. बिलालाही नाही.