पावणेतीन तोळ्यांचं पेन

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. निवृत्तीचे पैसे आलेले असतात, नाहीतर मुलगा परदेशातून ‘काय आणू?’ म्हणत असतो. प्रश्न ठरलेला. ‘एकदाच काय ते चांगलं शाईचं पेन घ्यायचंय. मॉन्ट ब्लाँचं १४९ घेऊ की पेलिकनचं एम ८००? हाताला वजनदार लागायला हवं आणि पैसे वसूल व्हायला हवेत.’ तुम्हीही विचारलंत म्हणून आता सविस्तरच लिहिते.

माझा एक वर्गमित्र सराफ आहे. एका दुपारी पेढीवर गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी पेनांची पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. (१४९ माझं नव्हे, एका वकील मैत्रिणीचं, दोन दिवसांच्या बोलीवर उसनं आणलेलं.) त्याने एकेक पेन काट्यावर ठेवलं. १४९ भरलं साधारण ३२ ग्रॅम. ‘पावणेतीन तोळे,’ तो सवयीने म्हणाला. त्याच्या डोक्यात अजून ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा आहे. एम ८०० भरलं अडीच तोळे. त्याचं धाकटं भावंड एम ६०० जेमतेम दीड तोळा.

मग मी टोपणं काढली आणि पुन्हा ठेवायला सांगितलं. १४९ एकदम २२ ग्रॅमवर आलं, एम ८०० वीस-एकवीसवर. शोरूममध्ये जे वजन हातात घेऊन आपण खूश होतो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा टोपणाचा असतो आणि लिहिताना ते टोपण टेबलावर पडलेलं असतं. मागे खोचून लिहिणार असाल तर गोष्ट वेगळी, पण एम ८००ला तसं करू नका. त्याच्या पोटात शाई ओढणारा दट्ट्या पितळी यंत्रणेवर चालतो आणि ती सगळी मागच्या अंगाला असते. त्यावर टोपण चढवलं की पेन अंगठ्याच्या बेचक्यात मागे कलंडतं. एम ६००ची यंत्रणा प्लॅस्टिकची, म्हणून ते इतकं हलकं. काहींना ते हलकेपण ‘स्वस्त’ वाटतं. मला नाही वाटत.

जड म्हणजे भारी, ही समजूत भांड्यांवरून आली असावी. शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निब कागदाला टेकली की शाई उतरते, त्यामुळे पेनाचं स्वतःचं थोडं वजन असलं तर बोटांना दाबावं लागत नाही, हे खरं. पण इंग्रजीत या पेनांबद्दल जे लिहिलेलं असतं, ते बरंचसं रोमन लिपी लिहिणाऱ्या हातांचं असतं. त्यांचा शब्द एका ओढीत जातो. आपण वेलांटी, मात्रा, अनुस्वार, वरून शिरोरेघ असं करत एका शब्दात चार-पाच वेळा पेन उचलतो. मोडी लिहिणारे कारकून हात न उचलता ओळ ओढत जायचे, आणि त्यांच्या बोरूला तर वजनच नव्हतं! प्रत्येक उचलीला ते वीस-बावीस ग्रॅम आपल्याच बोटांनी उचलायचे असतात.

हे मी पैसे घालवून शिकले. माझं काम अनुवादाचं, पहिला खर्डा हातानेच लिहिते, दिवसाला सात-आठ पानं. पन्नाशीला स्वतःला बक्षीस म्हणून एक अखंड धातूचं पेन घेतलं. कंपनीचं नाव नको, दोष माझ्या हौसेचा. दिसायला देखणं, सहीला उत्तम. चौथ्या पानाला अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. सहा महिने मी ते ‘सवय होईल’ म्हणत वापरलं, मग अर्ध्या किमतीला काढलं.

त्यामुळे ‘पैसे वसूल’चं उत्तर माझ्या सराफानेच द्यावं. त्याने १४९ची निब भिंगाखाली धरली. त्यावर ७५० असा शिक्का, म्हणजे १८ कॅरेट. ‘सोनं ग्रॅमभर असेल नसेल,’ तो म्हणाला, ‘बाकी सगळी घडणावळ.’ आणि हसला, कारण घडणावळीचे पैसे मोडीत परत मिळत नाहीत हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक! कागदाला घासणारं टोक तर सोन्याचं नसतंच, ते वेगळ्या कठीण मिश्रधातूचं असतं. सोन्याची खरी सोय एवढीच, की शाईतल्या आम्लाने ते खाल्लं जात नाही.

त्या निबेवर ४८१० हा आकडाही कोरलेला असतो, कंपनीचं नाव ज्यावरून आलं त्या आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. २०२३च्या मोजणीत शिखर ४८०५.५९ मीटर भरलं. डोंगर बसला, आकडा तसाच आहे. जपानच्या प्लॅटिनम कंपनीनेही आपल्या पेनाला फुजीच्या उंचीवरून ३७७६ नाव दिलं. ते पावणेदोन तोळ्यांचं, निब १४ कॅरेटची आणि किमतीत १४९च्या पासंगालाही न पुरणारं. टोपण असं घट्ट बसतं की महिनाभर न उघडता ठेवलं तरी पहिल्या रेघेला शाई येते. (कळसूबाईच्या नावाने कोणी १६४६ काढलं तर पहिलं गिऱ्हाईक मी.)

आता तुमच्या दोन पेनांचं. तुमचा पंजा मोठा असेल, बारीक पेन चिमटीत दाबून धरायची सवय असेल, तर १४९ची जाडी हाताला खरोखर आराम देते. १९५२पासून तो आकार फारसा बदललेला नाही, यातच काय ते आलं. पण माझे पैसे असते तर मी एम ८०० घेतलं असतं, आणि त्याचं कारण वजन नाही. पेन पडतं तेव्हा बहुधा निबेवरच पडतं. पेलिकनची निब घरच्या घरी फिरवून काढता येते, दुसरी बसवता येते. १४९ दुरुस्तीला पाठवून वाट बघावी लागते. आणि दिवसाला एखादं पानच लिहिणार असाल, तर दोन्ही सोडा. ३७७६ घ्या, उरलेल्या पैशांत चांगला कागद घ्या.

दुकानात जाताना रोजची वही न्या. त्यांच्या गुळगुळीत कागदावर सही करून ‘वा’ म्हणू नका. टोपण बाजूला ठेवून ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘लक्ष्मीकृपा’ असे शब्द रोजच्या आकारात निदान अर्धं पान लिहा. जर्मन निबा जपानी निबांपेक्षा एक पायरी जाड आणि ओल्या लिहितात. मीडियम म्हणजे मध्यम जाडीच्या निबेत आपल्या ‘क्ष’ची गाठ शाईने भरून जाते. काउंटरवरचा मुलगा मीडियमच पुढे करेल, तेव्हा फाइन, म्हणजे बारीक, मागा. नसली तर मागवायला सांगा आणि घरी या.