ताइनची वाट पाहताना

दादा घानात, राजधानी अक्राजवळच्या टेमा शहरात नोकरीला गेल्यापासून मला बोलावत होता, आणि मी नेमकी पोचले ती डिसेंबर २००८ च्या शेवटच्या आठवड्यात. अक्राच्या विमानतळावर उतरले तेव्हा आकाश मातकट होतं. सहाराकडून येणारा हारमाटान नावाचा कोरडा वारा त्या दिवसांत सगळ्या घानावर बारीक धूळ पसरतो. ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात आणि भर दुपारी सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं.

“रविवारी मतदान आहे,” गाडीत बसल्या बसल्या दादा म्हणाला. “त्या दिवशी घरीच थांबायचं. निकाल लागेपर्यंत कुठे जायचं नाही.”

वहिनीने तांदूळ, डाळ, मेणबत्त्या असं पंधरा दिवसांचं सामान भरून ठेवलं होतं. भीतीला कारण होतं. वर्षभरापूर्वी केनियात अध्यक्षपदाच्या निकालावरून दंगली पेटून हजाराहून जास्त माणसं मारली गेली होती. २००८ च्याच जूनमध्ये झिम्बाब्वेत दुसऱ्या फेरीआधी इतकी मारहाण झाली की एका उमेदवाराने माघारच घेतली. घानातही आता दुसरीच फेरी होती.

घानात अध्यक्ष व्हायचं तर निम्म्याहून जास्त मतं लागतात. ७ डिसेंबरला पहिली फेरी झाली. सत्ताधारी एनपीपीचे नाना अकुफो-आडो ४९.१३ टक्के, विरोधी एनडीसीचे प्राध्यापक जॉन अटा मिल्स ४७.९२ टक्के. एक टक्का कमी पडला म्हणून अकुफो-आडो तिथेच थांबले. आठ वर्षं अध्यक्ष असलेले कुफुओर दोन मुदती संपवून पायउतार होणार होते. मिल्स यांची ही तिसरी लढत होती. २००० आणि २००४ मध्ये ते कुफुओर यांच्याकडूनच हरले होते, त्यातही २००० मध्ये दुसऱ्या फेरीत.

हे सगळं मला सांगितलं ते दादाची गाडी चालवणाऱ्या अंकलनी. साठीचे, शांत, रोज इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पहिल्या फेरीत कोंबड्याला मत दिलं होतं. कोंबडा हे घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांनी काढलेल्या जुन्या सीपीपी पक्षाचं चिन्ह. त्या पक्षाच्या एनडूम यांना सव्वा टक्क्याच्या आसपास मतं पडली, १,१३,४९४. “आमच्याकडे आधी कुणी बघत नव्हतं,” अंकल म्हणाले. “आता हत्तीवाले पण घरी येतात, छत्रीवाले पण.” हत्ती एनपीपीचा, छत्री एनडीसीची. दुसऱ्या फेरीत ते कुणाला मत देणार हे मी विचारलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नव्याने बांधलेली एक भली मोठी इमारत दाखवली. अध्यक्षांचं नवं कार्यालय, भारताने दिलेल्या कर्जातून बांधलेलं, आकार तिथल्या अकान लोकांच्या पारंपरिक लाकडी आसनासारखा. नोव्हेंबरमध्येच उद्घाटन झालेलं. तिथे बसणार कोण, ते अजून ठरायचं होतं.

२८ तारखेच्या रविवारी मी घरी थांबले नाही. अंकल मतदानाला निघाले, मी त्यांच्याबरोबर गेले, आणि दादाही शेवटी आलाच. केंद्र म्हणजे शाळेचं अंगण. एका झाडाखाली दोन टेबलं, पुठ्ठ्याचा आडोसा, आणि सगळ्यांच्या समोर उघड्यावर ठेवलेली पारदर्शक मतपेटी. पेटीत पडलेली प्रत्येक घडी बाहेरून दिसत होती. मतदार ओळखपत्र दाखवायचे, बोटाला शाई लावून घ्यायचे, मतपत्रिका घेऊन आडोशामागे जायचे आणि अंगठा उमटवायचे. मतपत्रिकेवर दोनच फोटो. आम्ही दोघं परदेशी, म्हणून दोरीच्या बाहेर उभे राहिलो. कुणी हटकलं नाही. उलट एका आजीबाईंनी मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. “अक्वाबा,” म्हणाल्या. म्हणजे ‘या, स्वागत आहे’.

दुपारी भूक लागली तेव्हा रस्त्यापलीकडे एका बाईंकडे वाचे खाल्लं: भात आणि चवळीसारखी कडधान्यं एकत्र शिजवलेली, मोठ्या पानावर वाढलेली, लालसर तपकिरी रंगाची. वरचा शितो मी नको म्हटला, त्यात सुकी मासळी असते. बाईंनी किंमत सांगितली ती हजारांत आणि मी दचकले. दीड वर्षापूर्वी घानाने चलनाची चार शून्यं काढून टाकली होती, दहा हजार जुने सेडी म्हणजे एक नवा सेडी. नोटा बदलल्या होत्या, तोंडातले आकडे अजून जुनेच होते.

पाच वाजता मतदान संपलं, आणि त्यानंतर मी जे बघितलं त्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

घरी गेलेली माणसं परत यायला लागली. अंधार पडायच्या आत अंगण भरलं. बायका पाठीला मुलं बांधून आल्या, पोरं भिंतीवर चढली. पेटी दुसरीकडे कुठे न्यायची नव्हती, मोजणी तिथेच, त्याच टेबलावर. केंद्राध्यक्ष एक तरुण शिक्षक होता. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी त्याच्या दोन बाजूंना खांद्याला खांदा लावून उभे. पेटीचं सील दाखवलं, तोडलं, पेटी उलटी केली. मग एकेक घडी उलगडून तो मतपत्रिका डोक्याच्या वर धरायचा, सगळ्या अंगणाला अंगठा दिसेल अशी, पक्षाचं नाव घ्यायचा आणि त्या गठ्ठ्यात ठेवायचा. दिवे पुरेसे नव्हते, कुणीतरी कंदील आणला, कुणी मोबाइलचा उजेड धरला.

वर्गवारी झाल्यावर गठ्ठे मोजायला घेतले, तेव्हा गर्दीही मोजायला लागली. वन, टू, थ्री, सगळं अंगण एका सुरात. शंभरापुढे गेल्यावरही आवाज खाली आला नाही. ज्यांचा उमेदवार त्या केंद्रावर मागे पडत होता तेही समोरच्याची मतं तितक्याच मोठ्याने मोजत होते. माझ्या अंगावर काटा आला. मोजणी म्हणजे बंद दाराआडची गोष्ट अशीच माझी समजूत होती. इथे आपल्या हरण्याचा आकडा माणसं स्वतःच्या तोंडाने म्हणत होती.

मध्येच एक मतपत्रिका आली, तिच्यावरचा अंगठा बरोबर दोन फोटोंच्या मधल्या रेषेवर. शिक्षकाने ती वर धरली आणि काहीच बोलला नाही. दोन्ही प्रतिनिधी पुढे वाकले, तिरकी करून, उजेडात धरून बघितली. हत्तीवाला म्हणाला आमची, छत्रीवाला म्हणाला आमची, मग दोघंही एकमेकांकडे बघत गप्प झाले. बाद. त्या माणसाने रांगेत उभं राहून दिलेलं मत बाजूच्या लहानशा गठ्ठ्यात गेलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी आकडे कागदावर लिहिले, सह्या झाल्या, प्रतिनिधींना प्रती मिळाल्या. तोवर कोपऱ्यातला एक पोरगा फोनवर तेच आकडे एफएम रेडिओला सांगतही होता. देशभर हेच चाललं होतं. रेडिओवर रात्रभर एकेका मतदारसंघाची नावं येत राहिली आणि सगळी टेमा जागी राहिली.

मग वाट बघणं सुरू झालं.

सोमवारी मिल्स पुढे असल्याचं कळलं, पण फरक इतका थोडा की कुणी छातीठोक बोलेना. मंगळवारी, ३० डिसेंबरला, निवडणूक आयोगाचे अध्यक्ष क्वाडवो अफारी-ज्यान यांनी २३० पैकी २२९ मतदारसंघांचे आकडे वाचले. मिल्स ५०.१३ टक्के, अकुफो-आडो ४९.८७. फरक २३,०५५ मतांचा. राहिलेल्या एका मतदारसंघात मतपत्रिकांच्या घोळामुळे २८ तारखेला मतदानच झालं नव्हतं आणि तिथे ५३ हजारांहून जास्त मतदार होते. तिथलं मतदान झाल्याशिवाय विजेता जाहीर करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मतदान २ जानेवारीला. नाव होतं ताइन.

त्या दिवसापर्यंत ताइन कुठे आहे हे अक्रातल्या कित्येकांना सांगता आलं नसतं. वायव्येला, तेव्हाच्या ब्रॉंग आहाफो प्रांतात, वेंची गावाच्या पलीकडचा याम नावाचा कंद आणि काजू पिकवणारा ग्रामीण भाग. अख्ख्या देशाचा जीव आता त्या भागावर टांगणीला लागला. आयोगाच्या कार्यालयाभोवती मिल्स समर्थकांची गर्दी जमली, पोलीस आणि सैनिक आले. सत्ताधारी पक्ष ताइनचं मतदान थांबवायला कोर्टात गेला. वहिनी दोन दिवस दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत होती. दोन्हीकडच्यांनी देव पाण्यात घातले होते, आणि हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. ३१ च्या रात्री आमच्या गल्लीतलं चर्च पहाटेपर्यंत भरलेलं होतं, आणि प्रार्थनेतला जो शब्द मला पुन्हा पुन्हा कळत होता तो ‘पीस’. अंकलनी आठवण करून दिली की २७ वर्षांपूर्वी, १९८१ च्या ३१ डिसेंबरलाच रॉलिंग्ज यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली होती. त्याच रॉलिंग्ज यांनी पुढे काढलेला पक्ष, एनडीसी, आज एका मतदारसंघातल्या मतपत्रिकांसाठी थांबला होता.

२ जानेवारीला मी कुमासीची बस पकडली. दादा नको म्हणत होता. अंकल म्हणाले, जाऊ द्या, रस्त्यावर काही होणार नाही. अडीचशे किलोमीटरचा रस्ता. न्सावमला बस थांबताच डोक्यावर पावांचे ढीग घेतलेल्या बायकांनी खिडक्यांना वेढा घातला. न्कावकावजवळ क्वाहूचा उंच कडा धुळीत अर्धवट दिसला. बसमधला रेडिओ मात्र पूर्ण प्रवासभर ताइनबद्दल बोलत होता. अकुफो-आडो यांच्या पक्षाने तिथल्या मतदानावर बहिष्कार टाकला होता.

कुमासी ही अशांती लोकांची राजधानी आणि एनपीपीचा बालेकिल्ला. दर चार मतांपैकी तीन तिथे हत्तीला. मी उतरले त्या गेस्ट हाउसच्या फाटकावरही हत्तीचं मोठं पोस्टर होतं. मालकीणबाई पन्नाशीच्या, सगळे त्यांना आंटी म्हणत. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, केजेटियाचा बाजार बघायला गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक, पण त्या दिवशी निम्मी दुकानं उघडीच नव्हती. जी उघडी होती तिथे माणसं रेडिओभोवती. मी काही न घेता परत आले.

आंटींच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता आणि त्या केळ्यांच्या चकत्या तळत होत्या. अफारी-ज्यान यांचा आवाज आला, संथ, मास्तरांसारखा. ताइन: मिल्स १९,५६६, अकुफो-आडो २,०३५. एकूण: मिल्स ४५,२१,०३२, अकुफो-आडो ४४,८०,४४६. ५०.२३ आणि ४९.७७. नव्वद लाख मतांत ४०,५८६ चा फरक. आंटींनी गॅस बंद केला. बाहेर रस्त्यावर कुणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही. एक कुत्रं भुंकत होतं, तेवढंच.

काही वेळाने अकुफो-आडो यांनी निकाल मान्य केल्याचं आणि मिल्स यांचं अभिनंदन केल्याचं रेडिओने सांगितलं. आंटींच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आमच्या लोकांनी ताइनला मत द्यायला जायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “पण ताइन सोडलं तरी ते पुढेच होते ना.” मग तळणीतल्या चकत्या बाहेर काढत, माझ्याकडे न बघता: “माझ्या केंद्रावर मोजणीला मी उभी होते. आम्ही जिंकलो तिथे. आमच्या पोराने कागद जसा वर धरला तसाच तिकडे त्यांच्या पोराने धरला असेल.”

त्यांनी मला वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत.

७ जानेवारीला अक्राच्या इंडिपेंडन्स स्क्वेअरमध्ये मिल्स यांचा शपथविधी झाला. आम्ही तो टेमाला टीव्हीवर बघितला. कुफुओर तिथे होते, आणि सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, २००१ नंतर दुसऱ्यांदा, मतपेटीतून. मिल्स २०१२ च्या जुलैमध्ये पदावर असतानाच गेले. अकुफो-आडो २०१२ मध्ये पुन्हा थोडक्यात हरले आणि २०१६ मध्ये, मिल्स यांच्यासारखेच तिसऱ्या वेळी, जिंकले. ती बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी आंटी आठवल्या.

परतीच्या दिवशी अंकल मला विमानतळावर सोडायला आले. वाटेत मी हिशोब सांगितला: कोंबड्याला मत दिलेले लाखाहून जास्त होते आणि निकाल लागला चाळीस हजारांवर, म्हणजे तुमच्यासारख्यांनीच हा अध्यक्ष ठरवला. ते ऐकत राहिले. सामान उतरवून झाल्यावर मी शेवटचं विचारलं, कुणाला दिलंत? त्यांनी हात पुढे केला. बोटावरची शाई गेली होती, नखावरची राहिली होती, आणि नखाच्या मुळाशी नवं पांढरं नख थोडंसं वर आलं होतं.

“पुढच्या निवडणुकीपर्यंत निघून जाईल,” अंकल म्हणाले आणि माझी बॅग ढकलत आत घेऊन गेले.