दूध उतू गेलं, समई शांत झाली, मोदक फुटला

मराठीत देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी पिचकली की घरातली मोठी बाई म्हणते, "वाढवली." तांदळाचा डबा रिकामा झाला तर "तांदूळ वाढले." दारातून निघताना कुणी "जातो" म्हटलं की आतून हाक येते, "येतो म्हण!" तुटणं, संपणं, जाणं यांच्यासाठी ज्या भाषेनं असे शब्द करून ठेवले, तिला रोजच्या फजितीची फार जुनी ओळख आहे. तिनं फजितीला घरात बसायला पाट दिलेला आहे.

दुधाचंच बघा. नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. रथसप्तमीला अंगणात, चाळीत असाल तर गॅलरीत, तुळशीपुढे गोवरीच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात आणि ते उतू जाईपर्यंत सगळे कौतुकानं बघत उभे राहतात. तेच दूध मंगळवारी सकाळी, सात बावीसची लोकल पकडायची असताना ओट्यावर आलं की घरभर आरडाओरडा. हे लक्षात आलं की ओटा पुसता पुसता हसू फुटतं. "भरून वाहू दे" असं आपणच मागितलेलं असतं.

दूध उतू जातं ते सायीमुळे. तापताना वर सायीचा पापुद्रा धरतो, तळातली वाफ त्याखाली अडकते आणि फेसासकट एकदम वर येते. पातेलं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि तोंडावर लाकडी उलथनं आडवं ठेवावं. वर आलेला फेस त्याला लागून बसतो. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्यानं विसळून तसंच ओलं ठेवलं तर तळाला लागत नाही. एवढं करूनही उतू गेलंच, तर गॅस बंद करा, बर्नर थंड होऊ द्या, वरची चकती काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं भिजवा आणि भोकं सुईनं मोकळी करा. चकती पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका. ज्योत पिवळी दिसली आणि भांड्यांचे बूड काळे व्हायला लागले तर समजा, कुठल्या तरी भोकात अजून दूध आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाद्रपद. मुंबईत घरच्या गणपतीच्या दिवसांत जेवढ्या फजित्या होतात तेवढ्या उरलेल्या वर्षात होत नसतील. हवा दमट, घर लहान, पाहुणे पंधरा, आणि सगळं नीट झालं पाहिजे हा ध्यास. मग काही बिनसलं की चेहरे उतरतात. कुणीतरी हळू आवाजात "अपशकुन" म्हणतं आणि सगळा आनंद त्या एका शब्दापाशी अडतो.

अशा वेळी पूजेच्या शेवटच्या भागाकडे बघावं. प्रत्येक पूजेच्या अखेरीस क्षमाप्रार्थना असते. आवाहन कसं करायचं मला माहीत नाही, विसर्जन माहीत नाही, पूजाही माहीत नाही. मंत्र कमी पडला, क्रिया कमी पडली, भक्ती कमी पडली, तरी ही पूजा पूर्ण मानून घे, असं त्यात म्हणतात. ज्यांनी हा विधी बसवला त्यांनी चूक होणार हे धरूनच तो बसवला. बिनचूक पूजा झाली तर तो श्लोक वगळा, असं कुठेही सांगितलेलं नाही. मला तर पूजेतला सगळ्यात प्रेमळ भाग हाच वाटतो.

समई मध्येच शांत झाली याचं कारण बहुतेक वेळा डोक्यावर फिरणारा पंखा असतो. नसेल तर पाणी. आदल्या दिवशी चिंच लावून घासलेली समई वरून पुसली जाते, पण दांड्याच्या आट्यांमध्ये आणि वाटीच्या सांध्यात पाणी राहतं. ते तेलात उतरलं की वात तडतडते आणि विझते. म्हणून घासल्यावर समईचे सगळे भाग सुटे करून, उलटे ठेवून रात्रभर वाळू द्यावेत. कापसाच्या वातीही या हवेत सर्दावतात. लावण्याआधी तासभर त्या तेलात बुडवून ठेवाव्यात. वातीचं टोक तेलाबाहेर साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर असू द्यावं. जास्त काढलं तर काजळी धरते, कमी ठेवलं तर ज्योत तेलात बुडते. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला मूठभर कोरडे तांदूळ घालून ठेवली तर ऐन आरतीला काडीवर काडी ओढत बसावं लागत नाही. पंखा बंद करून पाहुण्यांना घामाघूम करण्यापेक्षा समईला काचेची चिमणी लावावी. आणि दिवा शांत झाला तर पुन्हा लावावा. त्याच हातानं, त्याच वातीनं.

मोदक मात्र सविस्तर बोलण्याचा विषय. उकडीचा मोदक फुटला की करणारीचा जीव कासावीस होतो, कारण तिला वाटतं तो देवासमोर फुटला. तो फुटतो उकडीमुळे किंवा सारणामुळे.

आधी सारण. दोन वाट्या ओलं खोबरं असेल तर एक वाटी चिरलेला गूळ. मंद आचेवर गूळ विरघळला की सारण आधी सैल होतं, मग आळतं. कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की लगेच उतरवायचं. लवकर उतरवलं तर वाफेवर गुळाचा पाक सुटतो आणि पारीतून बाहेर वाट काढतो. जास्त परतलं तर गार झाल्यावर दगड होतो. वेलची, जायफळ उतरवल्यावर. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, कारण गरम सारणानं पारी आतून ओली होते.

आता उकड. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी हे माप बहुतेक पिठ्यांना चालतं, पण नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि जुना जास्त, त्यामुळे पिठी बदलली की पहिल्यांदा अर्ध्या वाटीची उकड करून बघावी. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. पाणी खळखळून उकळल्यावरच पिठी एकदम घालायची, उलथन्याच्या दांड्यानं ढवळायची, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी पाच-सात मिनिटं झाकून ठेवायची. पाणी नुसतं गरम असताना पिठी पडली तर उकड कच्ची राहते, आणि कच्च्या उकडीची पारी कितीही मळली तरी कडेला चिरते. मळायची ती गरम असतानाच, हाताला तेल-पाणी लावत, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. जेवढी उकड हातात आहे तेवढीच बाहेर, बाकीची ओल्या फडक्याखाली. मुंबईच्या स्वयंपाकघरात खिडकीतून वारा आला की वरचा थर सुकतो आणि पुढच्या प्रत्येक मोदकाला भेगा पडतात.

पारी कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड हवी. पुष्कळजणी उलटं करतात, मग बूड फाटतं आणि शेंडा कच्चा राहतो. उकडण्याआधी मोदकाचं बूड गार पाण्यात टेकवून घ्यावं, म्हणजे हळदीच्या पानाला चिकटत नाही. मोदकपात्रातलं पाणी आधीच उकळत असलं पाहिजे. झाकणाला आतून फडकं बांधलं तर वाफेचे थेंब मोदकांवर पडत नाहीत. दहा-बारा मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठेवले तर ते नक्की फुटतात. भेग आधीच दिसली तर चिमूटभर उकड पाण्यात कालवून बोटानं लिंपायची. वाफेतून फुटूनच निघाला तर तो नैवेद्याच्या एकवीसात ठेवू नका, पोरांच्या ताटात वाढा. गुळाचा पाक वर आलेला मोदक आधी उचलण्यावरून पोरांत भांडण होतं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालून निवगऱ्या उकडाव्यात. काहीही वाया न जाऊ देणारी ही पाककला मला प्रार्थनेइतकीच पवित्र वाटते.

मग आरती. गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती 1893 पासून बसतो. चाळीत एक रिवाज असतो, सगळे बिऱ्हाडकरू एकमेकांच्या घरी आरतीला जातात. संध्याकाळी सातला पहिल्या मजल्यावरून निघालेली आरती शेवटच्या खोलीपर्यंत पोचते तोवर आवाज बसलेले असतात आणि शब्दांचं काय व्हायचं ते होतं. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं. फणिवर म्हणजे नाग, तो कमरेला बांधलेला गणपती. पण पोरांना मूर्ती भिंतीतल्या फळीवर बसलेली दिसते आणि ती तसंच म्हणतात. 'उटी शेंदुराची' म्हणजे अंगाला लावलेला शेंदराचा लेप, त्याची 'ओटी' होते. 'वाट पाहे सदना' म्हणजे घरी वाट बघतो, त्याचा 'सजणा' होतो. 'संकटी पावावे'ची 'संकष्टी' तर निम्मी मुंबई म्हणते. मंत्रपुष्पांजलीला सुरुवातीच्या ओळीला सगळे जोरात असतात, मधल्या संस्कृतात आवाज गुडघ्यापर्यंत खाली जातो, आणि ओळखीचा शब्द आला की सगळे एकदम वर येतात.

शब्द दुरुस्त जरूर करावेत. त्याची वेळ मात्र आरती संपल्यावर, प्रसाद वाटताना. अर्थ सांगून दुरुस्त केलेला शब्द मुलं विसरत नाहीत. कमरेला नाग बांधलेला बाप्पा ही कल्पनाच त्यांना फळीपेक्षा जास्त आवडते. आरती चालू असताना पोराला टोकलं तर ते पुढच्या वर्षी नुसते ओठ हलवतं. तेवढं होऊ देऊ नये.

आधी हसू, मग अर्थ, ही रीत आपल्या कीर्तनकारांना पक्की माहीत आहे. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कीर्तनात हा प्रसंग येतो तेव्हा श्रोते आधी मोठ्यानं हसतात, कारण पुढे कुत्रा आणि मागे संत हे दृश्यच तसं आहे. तुकोबांच्या घरी उसाची एकच कांडी उरली, रागावलेल्या आवलीनं ती त्यांच्या पाठीवर मारली, तिचे तुकडे झाले आणि तुकोबा म्हणाले, बरं झालं, वाटणी झाली. इथेही हसू आधी. ते ओसरलं की कीर्तनकार क्षणभर थांबतो, टाळ वाजत राहतात, आणि प्रसंगातला देव समोर येतो. ज्याला हसता आलं त्याच्या मनाची कवाडं तेव्हा उघडी असतात.

नारळ नासका निघाला तर शेंडीच्या मुळाशी बघा. तिथल्या तीन डोळ्यांपैकी एखादा ओलसर किंवा बुरशी आलेला असतो, तिथूनच आत हवा गेलेली असते. घेताना हलवून पाण्याचा आवाज ऐकावा, आकाराच्या मानानं जड वाटतो का ते बघावं, आणि नेहमी दोन घ्यावेत. दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या दूर्वा प्लास्टिकच्या पिशवीत काळ्या पडतात. ओल्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात. जास्वंदीचं फूल एकच दिवस टिकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या आणाव्यात, सकाळी त्या उमलतात.

मूर्तीचं बोट दुखावलं तर घरात सुतकासारखी शांतता पसरते. प्राणप्रतिष्ठेआधी ती माती आहे, दुसरी मूर्ती आणता येते. प्रतिष्ठेनंतर धक्का लागला तर अक्षता वाहून उत्तरपूजा करावी आणि विसर्जन करावं. यात कोप वगैरे काही नाही, शास्त्रानं मार्ग आधीच दिलेला आहे.

एका बाबतीत मात्र हसण्यावारी नेऊ नये, ती म्हणजे आग. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलला बंदी आहे, पण मखराचा कागद, कापड आणि झुरमुळ्याही तितक्याच पटकन पेटतात. समई मखरापासून किमान दोन फूट दूर असावी, कापूर आरतीचं ताट मखराखालून कधीही फिरवू नये, आणि ओढणी, पदर खोचलेला असावा. मोदकपात्राचं झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूनं उघडावं. वाफेनं भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नये.

शेवटची फजिती विसर्जनाची. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित केली आणि तासाभरानं बघितलं तर बाप्पा तसेच बसलेले. मुलं खूश होतात, "त्यांना जायचंच नाहीये!" मोठी माणसं काठी शोधायला लागतात. काठी नको. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घाला, निर्माल्य आधी काढून ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. शाडू आपल्या गतीनं सुटतो. जाड रंग असेल तर दुसरा दिवसही लागतो. वरचं पाणी निथळून तळाची माती तुळशीच्या कुंडीत घालायची असेल तर एक भाग शाडूला तीन भाग बागेची माती आणि खत मिसळा. नुसता शाडू घातला तर तो सुकून कडक होतो, पाणी वर साचतं आणि तुळस कोमेजते.