अंजनीची पिवळी पानं

"जंगलातली पानं वाळवून, दळून तुम्ही नेमकं शोधता काय?" लग्नात पंगतीला बसलं की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसराही येतो: एवढं गच्च रान, म्हणजे जमीन कसदारच असणार, मग तपासायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जमीन बऱ्याचदा कंगाल असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमचा तांबडा जांभा मागे राहतो. फॉस्फरस असला तरी तो हे दोघे धरून बसतात, मुळांना सहजी सोडत नाहीत. मग झाड काटकसर करतं. पान गळण्याआधी त्यातला साधारण निम्मा नायट्रोजन आणि फॉस्फरस परत फांदीत ओढून घेतं. कॅल्शियमला मात्र माघारी येता येत नाही, ते पानाबरोबर खाली पडतं. म्हणून मी एकाच फांदीवरचं जून हिरवं पान आणि गळायला आलेलं पिवळं पान अशी जोडी घेते.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली. रस्त्याकडेच्या पानांत लोह भरमसाट निघालं, मी हरखले. सोबत टायटॅनियमही चढलेलं होतं, तिकडे लक्षच गेलं नाही. झाडाला टायटॅनियमचं फारसं काम नसतं. ते दिसलं की समजायचं, धूळ आहे. पानं नीट धुतलीच नव्हती!

पण अंजनीच्या झाडाचं तसं नाही, तिच्या पानांतलं अ‍ॅल्युमिनियम धुळीचं नसतं. इथल्या रानात जांभळाइतकीच ती जागोजाग दिसते, फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके लागतात. अ‍ॅल्युमिनियम एरवी मुळांना जाचतं. बहुतेक झाडं त्याला बाहेरच थोपवतात. अंजनीचं कूळ ते पानांत साठवून ठेवतं. किलोभर सुक्या पानांत एक ग्रॅमच्या वर अ‍ॅल्युमिनियम निघालं, तर ते झाड आम्ही साठवणाऱ्यांत धरतो. तुरटीतही अ‍ॅल्युमिनियमच, आणि कापडावर रंग पक्का बसवायला रंगारी तुरटी वापरतात. दक्षिणेतले रंगारी त्याच कामाला अंजनीची पानं घेत. लोध्राच्या झाडाचंही तेच. सतराव्या शतकात आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लोध्राच्या एका भाऊबंदाला 'तुरटीचं झाड' असंच नाव दिलं होतं. त्या रंगाऱ्यांकडे कुठलं यंत्र होतं?

माझ्याकडे यंत्र आहे, पण अंजनीपुरती त्याची वाट बघावी लागत नाही. साठ-सत्तर अंशांवर दोन दिवस ठेवून ओव्हन उघडला, की जांभळाची पानं तपकिरी झालेली असतात. शेजारच्या पाकिटातली अंजनी पिवळट हिरवी. चिठ्ठी वाचायच्या आधीच ओळखू येते.