पंप बंदूक अडते कुठे? चुंबकाने लावलेला छडा

शेवटी जोडी फुटली, मंडळी! स्कीट म्हणजे दोन बाजूंच्या घरांतून उडणाऱ्या तबकड्या (क्ले) बंदुकीने फोडायचा खेळ. त्यातलं दुसरं स्टेशन (उभं राहायची ठरलेली जागा), उंच घराची क्ले आणि पाठोपाठ बुटक्या घराची, एका कॉलवर, मध्ये कुठेही न अडता, आणि तीही पंपने, म्हणजे दर बारानंतर नळीखालची मूठ (फोरएंड) मागे-पुढे ओढावी लागते त्या बंदुकीने. शेजारी ओव्हर-अंडरवाले (एकावर एक दोन नळ्या, पंप करायची भानगडच नाही) उभे होते. त्यातला एक म्हणाला, "परत करून दाखव." परत झाली. त्यानंतर पुन्हा अडली, पण आता ती का अडते ते मला कळलंय, म्हणून हा रिपोर्ट.

दुखणं तेच, मागच्या वेळचं. पहिला बार होतो, हात फोरएंड मागे ओढतो आणि तो अर्ध्यावर थबकतो. झटका दिला की रिकामं काडतूस सुटतं, पण तोवर दुसरी क्ले निघून गेलेली. सगळ्यांचं निदान एकच: शॉर्ट स्ट्रोक, म्हणजे हात पुरता मागे जात नाही. आमच्या गल्लीतले मामा जन्मभर यंत्रमागावर होते. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "धोटा पलीकडच्या पेटीत पोचला नाही की माग बंद. अर्ध्यात हात सोडायचा नाही बघ." सल्ला सोळा आणे खरा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे सुटे भाग करणारा एक लेथवाला आहे, त्याच्याकडून नायलॉनच्या डमी (नकली काडतुसं) करून घेतल्या आणि रोज संध्याकाळी घोडा दाबायचा, पंप करायची, पुन्हा घोडा. (काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हे दर वेळी लिहिणार, कंटाळा आला तरी.)

डमीवर पंप एकदाही अडली नाही. म्हणजे हात पुरता मागे जातोय. मग रेंजवरच काय होतं?

पहिला संशय एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्यावर. परवानाधारक गनस्मिथकडून स्प्रिंग बदलून घेतली, फरक शून्य. मग बसलो उडवलेल्या रिकाम्या काडतुसांचा ढीग घेऊन. नळी काढली आणि एकेक रिकामं काडतूस हाताने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) सोडून पाहिलं. काही सरळ आत जाऊन टेकली. काही मात्र धातूच्या बुडापाशी येऊन अडून बसली, बोटाने दाबल्याशिवाय जाईनात. व्हर्नियर लावला तर अडणाऱ्यांचं बूड फुगलेलं. आणि गंमत म्हणजे दोन्ही प्रकारची काडतुसं एकाच खोक्यातली!

दिसायला सगळी बुडं सारखीच पिवळी. शेवटी फ्रिजवरचं चुंबक काढून आणलं. अडणारी टपाटप चिकटली, सरळ जाणाऱ्यांना ढिम्म नाही. पितळी बूड बार झाल्यावर फुगतं आणि पुन्हा आकसतं. पोलादी बूड, वर पितळेचा नुसता मुलामा, तितकं आकसत नाही आणि चेंबर खरखरीत असेल तर धरून बसतं. माझं चेंबर खरखरीत आहेच. बंदूक आधी बंदोबस्ताच्या कामावर होती, वर्षानुवर्षं उभी, साफसफाईच्या नावाने बोंब. वर काडतुसांच्या प्लास्टिकचा पातळ थर. सॉल्व्हंट आणि ब्राँझचा ब्रश घेऊन तो थर काढला तेव्हा निम्मी अडचण तिथेच गेली. जोडी फुटली ती यानंतरच.

डीलरने दोन लॉटची सुटी काडतुसं एका खोक्यात भरून दिली होती. सीलबंद खोकंच घ्या, आणि दुकानात जाताना खिशात चुंबक असू द्या. परवान्यावर वर्षाची काडतुसं मोजून मिळतात. त्यात असली भेसळ परवडत नाही.

उरलेल्या खरखरीचं काय करायचं? गनस्मिथ म्हणतो पॉलिश करू, पण स्वतःच बजावतो की घासून गेलेला धातू परत येत नाही. तरी पुढच्या आठवड्यात नळी देणार होतो, आणि पोलादी बुडाची काडतुसं कुणाला तरी ट्रॅपच्या (क्ले फोडायचाच दुसरा प्रकार) सरावाला खपवणार होतो.

पण हे टाइप करता करताच डोक्यात आलं. जोडीत झटपट बाहेर पडायला हवं ते फक्त पहिलं काडतूस! दुसरा बार झाल्यावर रिकामं अडलं तर अडू दे, नळी मैदानाकडे ठेवून सावकाश काढता येतं. म्हणजे स्टेशनवर उभं राहून पितळी थेट चेंबरमध्ये, पोलादी मॅगझिनमध्ये (पुढची काडतुसं राहतात ती नळी). सगळा साठा वापरता येतो आणि चेंबरला हात लावायची गरज नाही. पॉलिश रद्द! निदान तूर्तास.

फक्त पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, बघायला हवा. एका लॉटवर छर्र्यांचा नंबर 7 लिहिलाय, दुसऱ्यावर 7½. मोजले तर दोन्हीकडचे छर्रे 2.4 मिमी, कारण एक इंग्रजी नंबर आणि दुसरा अमेरिकन. तरी दारू वेगळी असणार, म्हणून पुठ्ठ्यावर 30 इंची वर्तुळ काढून दोन्ही तपासणार, तेही 20 मीटरवरून. फुल चोकचा (नळीचं तोंड सर्वात आवळलेलं) 40 यार्डांवर 70 टक्के छर्रे वर्तुळात, हा आकडा स्कीटवाल्याच्या काही कामाचा नाही.

नव्या दोघांनी विचारलंय, पहिली बंदूक पंप घ्यावी का. स्पर्धेत उतरायचं असेल तर नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमात सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) चालते, पंप चालत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा एक जागा पंपला देताना विचार करा. पण नुसत्या आनंदासाठी घेणार असाल तर खुशाल घ्या. 1912 चं विंचेस्टर मॉडेल 12 काय किंवा 1950 चं रेमिंग्टन 870 काय, यंत्रणा साधी आणि दणकट. आखूड नळीची बंदोबस्तवाली मात्र घेऊ नका, पुढे वजनच नसतं आणि क्लेमागे फिरवताना स्विंग मध्येच मरतो. माझी बंदोबस्तातली असली तरी नळी 28 इंची आहे आणि तिच्या लांबीवर मी खूश आहे. नातेवाईक अजून विचारतात, "नान्नजकडे गेला होतास का?" (सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य.) शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि माळढोकाकडे मी फक्त दुर्बिणीतून बघतो, हे सांगून सांगून थकलो.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी पंप आहे त्यांनी रिकाम्या काडतुसांवर चुंबक फिरवून कळवा: चिकटणारी किती, आणि त्यातली अडणारी किती. पितळ-पोलाद क्रमाचा निकाल मी पुठ्ठ्यांच्या फोटोंसकट टाकतो.