विसावी मुलगी

आमच्या शाळेत 2024 साली सहावी ते आठवीचा पट होता वीस. गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोड्यांचं. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांवर निघतात आणि निम्मी पोरं कोप्यांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, जातात. पण संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची हे ठरवायला, धरतात तो पट 30 सप्टेंबरचा. त्यात 15 मार्च 2024चा शासन निर्णय : सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असली तर शिक्षक शून्य. उरलेल्या एकोणिसांना काय भिंती शिकवणार?

नुसती मुलं असून भागत नाही, त्यांचं आधार ‘व्हॅलिड’ लागतं. सहावीतल्या एका मुलीच्या आधारवर लिंग ‘पुरुष’ पडलेलं. त्यापायी तिच्या आईचे दोन रोज बुडाले, माझ्या तालुक्याला चार खेपा झाल्या. तेवढ्या वेळात मी सातवीतल्या तिघांचा भागाकार पक्का करून घेतला असता.

9 सप्टेंबरला सातवीतल्या एका मुलीचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. पोरीला आजोळी ठेवणार होते. म्हणजे यंदा ती फडात जाणार नव्हती, वर्षभर शाळेत बसणार होती. आम्ही गृहभेटींत घसा कोरडा करून जे सांगतो तेच हा माणूस करत होता. प्रभारी मुख्याध्यापक मीच. म्हणालो, “रजिस्टर केंद्रावर गेलंय, पुढच्या आठवड्यात या.” रजिस्टर माझ्या कपाटात होतं.

दाखला तत्काळ द्यायचा, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही त्यातच आहे. पण आजोळच्या शाळेने अडवलंच. मुलीचे वडील तिसऱ्यांदा आले तेव्हा मी खरं काय ते सांगून टाकलं. ते काहीच बोलले नाहीत.

30 तारखेला सोमवार होता. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, आले, डोकी मोजू लागले. वही उघडून बघायची त्यांना सवय नाही. एकोणीस झाली. तेवढ्यात फाटकातून ते वडील पोरीला घेऊन आले, पहाटेची एसटी धरून. तिच्या अंगावर आमच्याच शाळेचा गणवेश.

“सर, आणलीय पोरगी. घ्या मोजून.”

ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. अपूर्णांकांचा धडा चालू होता. मधले तीन आठवडे तिच्या वहीत कोरे होते. वीस झाली, सही झाली.

सहकारी म्हणतात, “सगळेच करतात, शाळा तर वाचली ना.” दोन पदं वाचली, त्यातलं एक माझं.

दुसऱ्या दिवशी दाखला लिहिला. शाळा सोडल्याचं कारण : पालकांच्या विनंतीवरून. तारीख : 1 ऑक्टोबर. त्यांनी तो बनियनच्या खिशात घडी करून ठेवला आणि मलाच विचारलं, “सर, आता तर काही अडचण नाही ना तुम्हाला?”