आधी किल्ली बघा, मग हत्यारं घ्या

किल्लीशिवाय कुलूप उघडायचा छंद लागला की पहिली चूक ठरलेली: ऑनलाइन सतरा-अठरा पिकांचा सेट मागवायचा. (इंग्रजीतला 'पिक', म्हणजे कुलपाच्या भोकात घालायची बारीक सळई. पण पिकं म्हटलं की सांगलीत ऊस आणि हळदच डोळ्यांपुढे येते, म्हणून इथून पुढे 'सळई' म्हणू.) सोबतचं पारदर्शक कुलूप दहा मिनिटांत उघडतं. मग घरातलं जाडजूड कुलूप मांडीवर घेतलं जातं, तास जातो आणि आत काहीच हलत नाही.

यात हाताचा दोष नाही. ते सेट पिनच्या कुलपांसाठी असतात (आत स्प्रिंगखाली पिनांच्या जोड्या, त्या नेमक्या उंचीला आल्या की मधला गोल गाभा फिरतो) आणि आपल्याकडे कडीला लावायची कितीतरी कुलपं लिव्हरची असतात (आत पिनांऐवजी उचलायच्या पट्ट्या). ओळख किल्लीवरून पटते. चपटी किल्ली, कडेला करवतीसारखे दाते, अंगावर लांब खाचा, म्हणजे पिन. दांडी आणि तिच्या टोकाला पायऱ्या कापलेलं पान, म्हणजे लिव्हर. '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं अंगावरच लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. लिव्हरला जाड तारेची, त्या-त्या कुलपाच्या मापाने घडवलेली हत्यारं लागतात. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचं लिव्हर-कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं, पण ब्रामा कंपनीच्या कुलपाने त्याचे १६ दिवसांत मिळून ५१ तास खाल्ले. तेही स्वतः बनवून आणलेल्या हत्यारांनी. नवशिक्याने पिनपासूनच सुरुवात करावी.

पिनच्या कुलपाला किती सळया लागतात? तीन. ०.६ मिमी जाडीचा आखूड हूक, ०.४५ मिमीचा आखूड हूक (किल्लीचं भोक अरुंद आणि नागमोडी असेल तेव्हा) आणि एक मध्यम उंचीचा हूक. अर्धा हिरा, गोळा, सापासारख्या लाटांचे रेक (पिनांवरून मागेपुढे घासायच्या सळया) हे सगळं सेटची संख्या फुगवायला असतं. रेक घासून कुलूप उघडतंही, पण का उघडलं ते कळत नाही.

खरा पैसा आणि खरं लक्ष जायला हवं ताणपट्टीकडे, म्हणजे सळई चालवताना गाभ्याला फिरवायचा ताण देणाऱ्या पट्टीकडे. सेटमध्ये येते ती पट्टी भोकाच्या तळाशी बसते आणि सळईची अर्धी जागा खाते. त्यापेक्षा भोकाच्या वरच्या कडेला, पहिल्या पिनच्या अलीकडे बसणारी १ ते १.३ मिमी जाडीची सपाट पट्टी घ्यावी. आत जाणारं टोक ४ मिमीच्या आसपास. जास्त लांब झालं तर ते पहिल्या पिनला टेकतं, आणि ती पिन 'अडकली' असा भास होतो. पट्टी भोकात खुळखुळली तरी ती चुकीचीच. ताण सगळा निसटतो.

ही हत्यारं घरी बनतात, आणि त्यासाठी हॅकसॉच्या पात्यापेक्षा फीलर गेज बरा. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ०.०५ ते १ मिमीच्या पानांचा संच मिळतो. प्रत्येक पानावर जाडी छापलेली, पोलाद स्प्रिंगचं. ०.६ आणि ०.४५ च्या पानांच्या सळया, १ मिमीच्या पानाची ताणपट्टी. पट्टी वाकवू नका, कडक पान तिथेच तडकतं. पानातून 'एल' आकारच ग्राइंडरवर काढा. सळईची मान ३० ते ३५ मिमी लांब, साधारण अडीच मिमी उंच ठेवा. पाच पिनांच्या कुलपात शेवटच्या पिनपर्यंत पोचायला एवढी हवीच.

घासताना हातमोजे नकोत. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं. कड निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरला. तेवढा भाग तारेसारखा वाकेल, तो कापूनच टाकावा. सांगलीजवळ कुपवाडला एखाद्या वर्कशॉपमधून घासून घेणार असाल तर हे आधी सांगा, कारण तिथला दगड मोठा आणि हात घाईचा. मग ४००, ८००, १२०० चा पॉलिश पेपर, लांबीच्या दिशेने. टोकाला राहिलेला ओरखडा कुलपात पिनसारखाच लागतो आणि फसवतो. मुठीला इलेक्ट्रिकच्या दुकानातली हीट-श्रिंक नळी दोन थरांत चढवा, नाहीतर तासाभरात बोट कापेल.

ताण किती द्यायचा? भाजलेल्या पापडावर बोट ठेवावं आणि तो मोडू नये, इतकाच. सळई वाकली तर पोलादाला नावं ठेवू नका. पट्टीवर जोर जास्त झाला, सगळ्या पिना एकदम आवळल्या.

सरावाला पितळी सिलिंडर घ्या, मागे सर्क्लिप (गाभा धरून ठेवणारी गोल क्लिप) असलेला. किल्ली लावून किंचित फिरवा आणि क्लिप काढून गाभा पुढे, किल्लीच्या बाजूला सरकवा. त्याच वेळी त्याच जाडीची लाकडी दांडी मागून आत जायला हवी (गाभा बहुधा १२.७ मिमीच्या आसपास असतो, व्हर्नियरने मोजा), नाहीतर वरच्या पिना आणि स्प्रिंगा उडतात. हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावं. आधी दोनच पिना ठेवा, मग एकेक वाढवा.

भंगारातून कुलपं आणताना एक जपा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पुराखाली गेलेल्या कुलपांत गाळ बसून स्प्रिंगा गंजलेल्या असतात. अशी पिन वर जाऊन तिथेच राहते आणि 'बसली' असं वाटतं. रॉकेलने धुऊन, स्प्रिंगा बदलूनच वापरा. खोबरेल तेल मात्र नको. साताऱ्याच्या थंडीत ते आतच थिजतं. ग्रॅफाइटची पूड चालते.

स्वतःच्या दारावर लावलेल्या कुलपावर सराव करायचा नाही. गाभा अर्धा फेरा फिरला की वरच्या पिना भोकाच्या तळाच्या फटीत उतरतात, आणि मग किल्लीही चालत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचाच नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. सळया घरच्या खणात, सरावाच्या कुलपांसोबत ठेवा. गाडीच्या डिकीत नकोत. फीलर गेजचं पोलाद गंजतं, तेव्हा जूनच्या आधी शिलाई मशीनच्या तेलाचा एक हात फिरवून ठेवा.